फरसाणाच्या छोट्या व्यवसायात पर्यावरणपूरक व्यवस्थापन सुरू करायचे तर आधी कशाला हात घालावा?

चिवडागल्ली:

नमस्कार मंडळी. लालबागमध्ये आमचे फरसाण-चिवड्याचे जुने दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला हा व्यवसाय आता मी आणि माझे दीर मिळून सांभाळतो. मागच्या गाळ्यात तळण, पुढे विक्री आणि त्याशिवाय लोअर परळच्या काही कार्यालयांना संध्याकाळच्या खाण्याचा पुरवठा, असे कामाचे स्वरूप आहे. कारागीर, पॅकिंगच्या बायका आणि माल पोचवणारी मुले धरून दहा-बारा माणसे कामाला असतात. दिवाळीच्या आधी ती जवळजवळ दुप्पट होतात.

मागच्या महिन्यात आमच्या ग्राहकांपैकी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाने एक लांबलचक प्रश्नावली पाठवली. महिन्याला वीज किती, इंधन कोणते आणि किती, पाणी किती, कचरा किती निघतो व तो कुठे जातो, वापरलेल्या तेलाचे काय करता, पॅकिंग कशाचे आहे, असे त्यात विचारले आहे. विजेचा आकडा बिलावरून लिहिता आला. बाकी रकान्यांसमोर आम्ही दोघेही गप्प बसलो, कारण सिलिंडर संपला की नवा मागवायचा आणि कचऱ्याची गाडी आली की डबे रिकामे करायचे, यापलीकडे आजवर कधी पाहिलेच नव्हते.

दिरांचे म्हणणे असे की उसाच्या चिपाडाचे डबे घ्यावेत, पिशव्यांवर हिरवे पान छापून घ्यावे आणि फॉर्म भरून मोकळे व्हावे. मला ते पटत नाही, पण दुसरे काय करावे तेही सुचत नाही. हाताशी भांडवल फारसे नाही, जागा वाढण्याची शक्यता नाही आणि जुन्या कारागिरांना एकदम दहा नवे नियम सांगितले तर ते गावी निघून जातील अशी भीती आहे. मुंबईत, अशाच अडचणीच्या जागेत, ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कुठून सुरुवात केली ते कृपया सांगावे.

ताळेबंद:

ताई, ही प्रश्नावली केवळ तुमच्याकडे आलेली नाही. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 या आर्थिक वर्षापासून शाश्वततेविषयीचा अहवाल देणे बंधनकारक केले. त्या कंपन्यांना आता आपल्या पुरवठादारांचीही माहिती हवी असते आणि म्हणून कालपर्यंत केवळ दर आणि जीएसटी क्रमांक विचारणारा खरेदी विभाग आज तुमच्या सिलिंडरांची चौकशी करतो. मी काही छोट्या उद्योगांचे हिशेब पाहतो. त्यांतल्या निम्म्याअधिक ठिकाणी अशी पत्रे आली आहेत.

फॉर्ममध्ये अंदाजाने आकडे मुळीच लिहू नयेत. जिथे नोंद नाही तिथे "या महिन्यापासून नोंद सुरू केली आहे" असे स्पष्ट लिहावे. खरेदी विभागाला कोरा रकाना चालतो. पुढच्या वर्षी मागच्याशी न जुळणारा आकडा चालत नाही.

नोंद म्हणजे संगणकप्रणाली नव्हे. एक वही घ्या आणि रोज पाचच गोष्टी लिहा: किती किलो माल तयार झाला, किती तेल नवे ओतले, किती तेल बाद केले, सिलिंडर कधी लावला आणि ओला-सुका कचरा प्रत्येकी किती किलो निघाला. वजनकाटा तुमच्याकडे आहेच. ही वही एकाच माणसाच्या ताब्यात असावी, आणि तो माणूस मालक नसावा. मालकाने लिहायची ठरवलेली वही दसऱ्यापर्यंत टिकते, मग दिवाळीच्या गर्दीत बंद पडते, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता त्यावर पैजसुद्धा लावत नाही. महिनाअखेरीस एकूण खर्च न पाहता दर किलो मालामागे गॅस, तेल आणि वीज किती लागली ते काढावे. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा असतो. एका सिलिंडरवर किती किलो शेव उतरते हा आकडा हाती आला की कोणता बर्नर बिघडला आहे, कोणत्या पाळीत गॅस वाया जातो, हे कोणी न सांगता कळू लागते.

विजेचे एक सोपे गणित सांगतो. छताचा साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. गाळ्यात सहा पंखे रोज 14 तास चालत असतील, तर महिन्याच्या 26 दिवसांत साधारण 98 युनिटांचा फरक पडतो. आपल्या बिलावरच्या व्यापारी दराने त्याला गुणा आणि पंख्यांची किंमत किती महिन्यांत वसूल होते ते पाहा. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. जो जळेल त्याच्या जागी नवा घ्यावा.

आता हिरव्या पानाविषयी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. "पर्यावरणस्नेही", "हरित" असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. पिशवीवर पान छापण्याचे पैसे वाचवा. प्रमाणपत्रच हवे असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट, म्हणजे मालात दोष नको आणि पर्यावरणाला झळ नको) योजना पाहावी. तिच्या 2022 च्या सुधारित स्वरूपात कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे तीन स्तर आहेत आणि सूक्ष्म उद्योगांना प्रमाणनाच्या शुल्कात 80 टक्के अनुदान ठेवलेले आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, लागते. मात्र वही किमान सहा महिने चालल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

कढईकाठी:

वरच्या प्रतिसादातले सगळे मान्य, पण फरसाणाच्या धंद्यात खरा पैसा आणि खरे प्रदूषण दोन्ही तेलात आहे, त्यामुळे तिथे थोडे थांबतो. मी बरीच वर्षे तळण विभागाची देखरेख केली आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. शेव, पापडी, चिवड्याचे पोहे हे पदार्थ भरपूर तेल पितात, त्यामुळे कढईत सारखे नवे तेल पडत राहते आणि समोसे-वडे तळणाऱ्याइतके बाद तेल तुमच्याकडे साचत नाही. म्हणजे तुमच्या व्यवसायात बाद तेल विकून पैसे मिळवण्यापेक्षा तेल उशिरा बाद होईल असे पाहण्यात जास्त फायदा आहे. तेल खराब होते ते उष्णता, हवा, पाणी आणि कढईत राहिलेला चुरा यांमुळे. शेवेच्या सोऱ्यातून पडलेले बेसनाचे बारीक कण तळाशी जाऊन काळे पडतात आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला कडवटपणा देतात. म्हणून दर दोन-तीन घाण्यांनंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने चुरा काढणे आणि काम संपल्यावर तेल कोमट असताना कापडातून गाळून झाकून ठेवणे, ही दोन कामे ठरलेल्या माणसाकडे द्यावीत. मीठ-मसाला कढईच्या वर कधीही लावू नये. परातीत, कढईपासून दूर लावावा. आपल्याकडे कारागीर घाईत चिवड्यावर मीठ भुरभुरतात ते नेमके कढईच्या काठावर उभे राहून. दोन घाण्यांच्या मधल्या वेळेत आच कमी करण्याची सवय लागली तर तेलही टिकते आणि गॅसही वाचतो. ज्योत पिवळी दिसू लागली की बर्नर साफ करायचा, हे मुकादमाला शिकवून ठेवा.

कायद्याची बाजू अशी की वापरलेल्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या खराब घटकांचे) प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ही मर्यादा 1 जुलै 2018 पासून लागू आहे. तळणीसाठी रोज 50 लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना त्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. तुम्ही दिवाळीच्या हंगामात ही 50 लिटरची मर्यादा ओलांडत असाल, तेव्हा वही तिथेही उपयोगी पडेल.

बाद तेल मोरीत ओतू नये, हे सांगायला नको. पण त्याहून वाईट प्रकार सर्रास चालतो तो असा की संध्याकाळी कोणीतरी डबा घेऊन येतो, रोख पैसे देतो आणि तेच तेल रस्त्यावरच्या गाडीवर पुन्हा कढईत पडते. प्राधिकरणाने 2018 मध्ये वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवण्यासाठी "रुको" हा उपक्रम सुरू केला. त्यात नोंदलेले संकलक तेल घेऊन जातात आणि पावती देतात. रोख देणाऱ्यापेक्षा दर कमी मिळाला तरी पावती घ्यावी. तुमच्या प्रश्नावलीतला तेलाचा रकाना त्या पावत्यांवरच भरायचा आहे.

माझगाव_भट्टी:

आमची पाव-बेकरी आहे, त्यामुळे आमची अडचण वेगळी होती, तरी त्यातले काही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या सुनावणीत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांच्या आत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. त्याआधी महापालिकेने एक वर्ष दिले होते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची भट्टी. लाकूड म्हणजे तरी काय, जुन्या फर्निचरचे तुकडे, प्लायवूड, रंग लावलेल्या दारांच्या फळ्या. स्वस्त मिळते म्हणून सगळेच तेच जाळत होते. त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर सर्वांत आधी भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो, हे मात्र हिशेबात कोणी धरत नव्हते.

बदल करताना ओव्हनच्या किमतीची चिंता सगळे करतात. आम्हाला त्याहून अवघड गेले ते कामाचे वेळापत्रक. विटांची भट्टी एकदा तापली की उष्णता तासन्‌तास धरून ठेवते. पहाटे कडक आचेवर पाव, आच उतरली की खारी आणि नानकटाई, आणि शेवटी उरलेल्या उबेवर टोस्ट वाळवायचे, असा क्रम आपोआप ठरलेला होता. गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनमध्ये ही फुकटची ऊब मिळत नाही. अर्धा भरलेला ओव्हनही जवळजवळ तेवढेच इंधन खातो. म्हणून आम्हाला मागणी आदल्या रात्री लिहून घ्यावी लागली, इराण्याच्या हॉटेलांना आणि वडापाववाल्यांना वेळा ठरवून द्याव्या लागल्या, आणि "अजून चार लाद्या टाक रे" हा प्रकार बंद करावा लागला. सुरुवातीला गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. पण शिळा पाव परत येण्याचे प्रमाण त्यामुळे घटले, आणि नव्या इंधनाचा वाढलेला खर्च काही अंशी तिथेच भरून निघाला. सगळा निघाला असे म्हणणार नाही. ज्या गल्लीत पाइप गॅस पोचलेला नाही तिथल्या बेकरीवाल्यांचे हाल मी पाहतो आहे आणि त्यांना सबुरीचा सल्ला देणे मला जमत नाही.

तुम्ही गॅसवरच आहात, म्हणजे मोठा टप्पा तुमच्यासाठी आधीच पार पडलेला आहे. तुमच्या भागात पाइप गॅस असेल तर जोडणीची चौकशी करून ठेवा. मीटर असला की इंधनाची नोंद आपसूक होते. कार्यालयांची मागणी आदल्या दिवशी लेखी घेण्याची पद्धत मात्र उद्यापासून सुरू करता येईल, आणि तिला खर्चही नाही.

ओला_सुका:

मी वस्तीपातळीवर कचरा वर्गीकरणाचे काम करते. चिवडागल्ली ताईंच्या दिरांना वाईट वाटू नये, पण चिपाडाच्या डब्यांविषयीचा उत्साह थोडा आवरता घ्यावा, असे मला वाटते.

वस्तू कशाची बनली आहे एवढेच पाहून चालत नाही, ती वापरानंतर कुठे जाते ते पाहावे लागते. चिपाडाचा डबा किंवा "कंपोस्टेबल" पिशवी कुजते ती योग्य उष्णता आणि ओलावा मिळाला तर, आणि अशा बऱ्याच पिशव्यांना औद्योगिक खतप्रकल्पातील 58 अंशांच्या आसपासचे तापमान लागते. लोअर परळच्या कार्यालयात तो डबा इतर कचऱ्यात मिसळला की तो थेट कचराभूमीकडे जातो, आणि तुम्ही मोजलेले जादा पैसे त्याच्यासोबत. कागदी खोक्यांच्या आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो; तेलकट झालेले असे खोके रद्दीवालाही घेत नाही. वर्तमानपत्राचा कागद तर अन्न बांधण्यासाठी वापरायलाच बंदी आहे, तो 2018 च्या पॅकेजिंग नियमांत स्पष्टपणे नाकारलेला आहे, तरी अर्ध्या मुंबईचा वडापाव अजून त्यातच जातो.

कायद्याने काय चालत नाही तेही एकदा तपासून घ्यावे. महाराष्ट्रातली प्लास्टिकबंदी मार्च 2018 ची. तिच्यात पहिल्या गुन्ह्याला 5000, दुसऱ्याला 10000 आणि तिसऱ्याला 25000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. त्यावर 1 जुलै 2022 पासून केंद्राची एकल वापराच्या वस्तूंवरची बंदी आली. तिच्यात प्लास्टिकचे चमचे, काटे, ताटल्या, पेले तर आहेतच, शिवाय मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळायची पातळ फिल्मही आहे. दिवाळीच्या भेटखोक्यांना ती लावत असाल तर बंद करा. केंद्राच्या नियमांत हातपिशव्यांची किमान जाडी 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन आहे, पण महाराष्ट्राच्या बंदीत प्लास्टिकच्या हातपिशव्या जाडी कितीही असली तरी चालत नाहीत. घाऊक बाजारातून येणाऱ्या पिशव्या कशाच्या आहेत ते माल उतरवतानाच पाहावे; दंड दुकानदाराला होतो, पिशवी विकणाऱ्याचा तेव्हा पत्ता नसतो.

चिवड्याच्या सीलबंद पिशव्यांबाबत मात्र मी उलट सांगेन. मुंबईच्या पावसाळ्यात कागदी पिशवीतला चिवडा दोन दिवसांत सादळतो आणि फेकला जातो. त्यासाठी लागलेले तेल, गॅस, शेंगदाणे सगळे वाया गेले तर त्यात पर्यावरणाचे काय भले झाले? ती पिशवी राहू द्या. सुट्या विक्रीला घरचा डबा आणणाऱ्या गिऱ्हाइकाला थोडी सूट द्या, म्हणजे पिशव्यांची संख्या कमी होईल.

कचऱ्याचे म्हणाल तर 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्याला मोठा उत्पादक ठरवले, आणि मुंबई महापालिकेने 2017 पासून अशांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट जागेवरच लावायला सांगितले आहे. तुमचे एकटे दुकान त्यात बसणार नाही. पण मसाल्याची आणि चिवड्याची आठ-दहा दुकाने एकत्र आली तर एक सामायिक व्यवस्था परवडते. स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर विकास कार्यक्रमातून तयार झालेल्या कचरावेचक महिलांनी अनेक ठिकाणी खताचे आणि बायोगॅसचे प्रकल्प चालवले आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे "निसर्गऋण" तंत्रज्ञान त्यासाठीच आहे. तोवर एवढे करा: बटाट्याच्या साली, भाजीचे देठ एका डब्यात, कोरडा पुठ्ठा आणि तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे वेगळे. पुठ्ठा ओला झाला की त्याची किंमत संपते. आणि सुका माल नेणाऱ्या बाईची वेळ ठरवून द्या. तिला उकिरड्यात हात घालावा लागू नये, हाही व्यवस्थापनाचाच भाग आहे. तुमच्या प्रश्नावलीत त्याला रकाना नसेल.

चिवडागल्ली:

सर्वांचे मनापासून आभार. वही सुरू केली आहे आणि ती पॅकिंग विभागातल्या एका ताईंकडे दिली आहे. त्यांचे अक्षर आमच्या दोघांपेक्षा चांगले आहे. दिरांनी हिरवे पान रद्द केले, पण डब्यांचा विषय सोडलेला नाही. त्यांचा नवा प्रस्ताव असा की कार्यालयांना स्टीलच्या डब्यांतून माल द्यावा आणि रिकामे डबे परत आणावेत. डबेवाले 1890 पासून हेच करत आले आहेत, मग आपल्याला का जमू नये, असे ते म्हणतात. हे कोणी करून पाहिले आहे का?

कढईकाठी:

दिरांची कल्पना चांगली आहे, पण उदाहरण अर्धेच लागू पडते. डबेवाल्यांकडे प्रत्येक डब्याला ठरलेला मालक असतो, झाकणावर खूण असते, आणि तोच माणूस त्याच दिवशी तो उलट पोचवतो. कार्यालयाच्या पँट्रीत पोचलेल्या मोठ्या डब्याला मालक नसतो. तिथल्या मुलांची पाळी बदलते आणि डबा कपाटात जातो. म्हणून अनामत हवी. ती पैशात मागितली की खरेदी विभागात कागदपत्रांचा घोळ होतो. त्यापेक्षा "जितके रिकामे परत, तितकेच भरलेले" असा करार लेखी करून घ्यावा. डब्यांना क्रमांक कोरून घ्या आणि पोचवणाऱ्या मुलाच्या चलनावर परतीचा रकाना वाढवा. प्रत्येक ग्राहकामागे दोन संच लागतील, कारण एक तिथे असताना दुसरा इथे धुऊन वाळलेला हवा.

धुण्याच्या पाण्याचा आणि जागेचा विचार आधी करा, कारण लालबागच्या गाळ्यात पाणी दिवसभर नसते. फरसाण कोरडे असते, तेव्हा आधी कागदाने तेल पुसून मग थोड्या गरम पाण्यात धुतले तर पाणी कमी लागते. चटणी आणि ओले पदार्थ मात्र या व्यवस्थेत घेऊ नका. आणि सुरुवात त्या प्रश्नावली पाठवणाऱ्या कंपनीपासूनच करा: त्यांच्या खरेदी विभागाला पत्र लिहून विचारा की आमचे डबे रोज संध्याकाळी परत देण्याची जबाबदारी तुमच्याकडचा कोणता माणूस घेईल, त्याचे नाव कळवावे.